नातं संपलं, लोभ असावा

होणाऱ्या जावयासमोर गप्प बसावं एवढी अक्कल देवानं मला दिली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आमच्या हरिताच्या साखरपुड्याच्या दिवशी मला शिवराजच्या शेजारी बसवलं. ऊन फार आहे हे आम्ही दोघांनी आळीपाळीनं मान्य केलं आणि विषय संपले. तो चेन्नईला सॉफ्टवेअरमध्ये. नेमकं काय करता म्हणून विचारलं तर म्हणाला, जँगो नावाच्या फ्रेमवर्कमध्ये वेबसाइट बांधतो. मी जाणत्यासारखी मान हलवली. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण जीभ माझी. मी म्हणालो, "हो हो, मीही बघतो त्यात थोडंफार."

(बघतो म्हणजे, ऑफिसातला कंप्युटर रोज सकाळी मीच चालू करतो.)

पोरगा एकदम सावरून बसला. बायको, म्हणजे सरोजा, लांबून माझ्याकडे बघत होती. तिला माझी ती मान ओळखीची आहे. घरी आल्यावर मी ठरवून टाकलं की लग्नाच्या आत हे फ्रेमवर्क शिकायचं. हा सांबशिव राव आयुष्यात खोटं बोलला असेल, पण जावयाच्या हाती सापडणार नाही.

फोनवर शिकवणीचे व्हिडिओ लावले. शिकवणारा मुलगा भलताच उत्साही. त्याचं म्हणणं, फ्रेमवर्क शिकायचं तर एक सोशल नेटवर्किंगची साइट बांधा, बांधता बांधता अस्कं कळतं. (महाराष्ट्रात ज्याला 'सगळं' म्हणतात त्याला आम्ही तंजावूरचे मराठी अजून 'अस्कं'च म्हणतो.) मी साइटचं नावही त्यावरूनच ठेवलं, 'अस्के', म्हणजे सगळे. पण पहिल्याच धड्याला अडलो. तो म्हणाला, आता मित्र जोडा. आम्हाला कुठले मित्र? इतकी वर्षं आपापसांतच सोयरिकी करून आम्ही अशी गत करून ठेवली आहे की रस्त्यात ज्याला हाक मारावी तो दोन बाजूंनी नात्यात लागतो. मी 'मित्र' खोडलं आणि 'नातं' घातलं.

आणि एक सुधारणा केली. आमच्याकडे कुणी कुणाकडे कार्याला असंच उठून जात नाही. घरातल्या मोठ्यानं तांबाळात, म्हणजे तबकात, पानसुपारी, नारळ, कुंकू घेऊन घरी यायचं, बोलवायचं, मग जायचं. तर साइटवरही तसंच. प्रत्येकाला एका मोठ्या माणसाला जोडायचं, त्याच्या आधारानं आत घ्यायचं. सर्वांत वर सरोजाचे थोरले भाऊ, तिरुवैयारूचे शेषगिरी अण्णा. अण्णांना जोडलेली सरोजा, सरोजाला जोडलेला मी (हे वस्तुस्थितीला धरूनच झालं), मग आमची हरिता, मग हरिताचं सासर. असं करता करता दोन्हीकडची घरं अण्णांना जाऊन लागली. फ्रेमवर्कनं तिथं एक प्रश्न विचारला होता की वरचा माणूस निघून गेला तर खालच्यांचं काय करायचं? व्हिडिओतल्या मुलानं 'कॅस्केड' असं लिहिलं होतं. मीही लिहिलं. अर्थ बघायचा राहिला.

सरावाला खोटी नावं घ्या, असंही तो म्हणाला होता. मी म्हटलं, खोटी कशाला, लग्नाच्या निमित्तानं अस्क्यांचे ईमेल जमलेलेच आहेत. घातले. नवा माणूस आला की त्याला आपोआप मेल जायचा आणि माणूस निघाला की त्यालाही जायचा. दोन्ही मेल मी शुद्ध मराठीत, देवनागरीत लिहिले. येणाऱ्याला "आजपासून आपलं नातं जुळलं आहे" आणि जाणाऱ्याला "आजपासून आपलं नातं संपलं आहे. कळावे, लोभ असावा." रिवाज तो रिवाज.

सुरुवातीला कौतुक झालं. अण्णांनी तर घाईघाईत बटण दोनदा दाबलं, त्यामुळे साइटवर दोन अण्णा झाले. रविवारी सकाळी कापी (म्हणजे कॉफीच) घेत मी त्यातले एक अण्णा काढायला बसलो. पडद्यावर दोघे शेजारी शेजारी, नाव तेच, गाव तेच. मी वरच्यांवर बोट ठेवलं. त्यांना काढलं तर आणखी कोण कोण जाईल ते फ्रेमवर्कनं खाली सविस्तर दाखवलं आणि विचारलं, नक्की ना? आता मी सरकारी माणूस. सहीच्या वरचा मजकूर मी कधी वाचला आहे? हो म्हटलं.

स्वयंपाकघरात सरोजाचा फोन वाजला. बाहेरच्या खोलीत हरिताचा वाजला. मग माझा. मी उघडून बघतो तर आजपासून माझं आणि माझं नातं संपलेलं. कळावे, लोभ असावा.

ज्या अण्णांना अस्के लटकलेले होते, नेमके तेच मी काढले होते. त्यांच्याबरोबर सरोजा गेली, सरोजाबरोबर मी गेलो, हरिता गेली, तिचं सासर गेलं. कॅस्केडचा अर्थ मला तेव्हा कळला: वरचा गेला की खालचे अस्के त्याच्यामागे जातात. दुरुस्त करायला म्हणून आत जायला लागलो तर साइट मला ओळखेना. कारण मी उरलोच नव्हतो.

तरी वाटलं, वाचलो, कारण आमच्यात देवनागरी येतं किती जणांना? बोलतो मराठी, वाचतो तमिळ. पण एवढ्या लोकांना एकदम न वाचता येणारा मेल आला की ते काय करतात, तर राजलक्ष्मी टीचरला फोन करतात. टीचर आयुष्यभर हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी प्रत्येकाला फोनवर तो मेल खणखणीत आवाजात वाचून दाखवला आणि वर अर्थही समजावला. सरोजालासुद्धा. ती फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्याशी संपलं ते कळलं," ती म्हणाली. "अण्णाशी का संपवलंत?"

मी कॅस्केड समजावून सांगायला गेलो. तिनं हात वर करून मला थांबवलं. लग्न तोंडावर आलेलं. मांडवात माळा घालायच्या वेळी नवरीला मामानं खांद्यावर घ्यायचं, ही पद्धत आम्ही इथल्या तमिळ लोकांकडून घेतली आणि त्यांच्यापेक्षा घट्ट धरून बसलो. हरिताला मामा एकच. अण्णा आले नाहीत तर आमची लेक मांडवात जमिनीवर उभी राहून माळ घालणार, आणि चार लोक म्हणणार की हिला मामा नाही. सरोजाचे डोळे भरून आले. मला इतकी लाज वाटली की कापी तशीच ठेवून उठलो.

तेवढ्यात शिवराजचा फोन. मला वाटलं, मोडली सोयरीक. तर तो अगदी हळू विचारतो, "अंकल, कॅस्केड ठेवलं होतं का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, पहिल्या वर्षी सगळेच ठेवतात, मी बाबांना समजावलं आहे. गुणी पोरगा. पण अण्णांना कोण समजावणार? त्यांच्या घरचा फोन कुणी उचलत नव्हतं. मी म्हटलं, माफीचा मेल टाकू का? सरोजानं माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप तांबाळ काढलं.

स्कूटरवर पुढे नारळ, मागे सरोजा, असे आम्ही तिरुवैयारूला पोचलो. अण्णा ओसरीवर बसलेले, तोंड फुगलेलं. जयश्री वहिनी दारात. मी तांबाळ पुढे ठेवलं, साष्टांग नमस्कार घातला आणि पडल्या पडल्याच सांगितलं की अपराध माझा, बुद्धी माझी, यंत्राचा काही दोष नाही, पण हरिताला खांद्यावर घ्यायला तुम्ही आलंच पाहिजे. बोलता बोलता मला खरंच रडू आलं. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. अण्णा दोघींना म्हणाले, आत जाऊन कापी टाका. त्या गेल्यावर माझ्याजवळ सरकून बसले.

"माप्पिळ्ळै," ते कुजबुजले (तमिळमध्ये बहिणीच्या नवऱ्यालाही जावईच म्हणतात), "तुम्हाला कुणी सांगितलं होतं माफी मागायला?"

मी उठून बसलो.

"माझी कंबर बघितलीत? डॉक्टर म्हणतो, पाण्याची घागर उचलू नका. पोरगी लहान होती तेव्हा उचलली, आता एम.कॉम. आहे. बहिणीला नाही कसं म्हणू, या काळजीनं जेवण जात नव्हतं. तेवढ्यात तुमचा मेल आला. देवच पावला म्हटलं. आता मी रागावलेला, कुणी मला बोलावणार नाही, लांबून आशीर्वाद देईन. आणि तुम्ही तांबाळ घेऊन आलात. तांबाळाला नाही म्हणता येतं का?"

आम्ही दोघेही त्या तांबाळाकडे बघत बसलो. पोरीला मामा हवा होता आणि मामाला कंबर हवी होती. शेवटी अण्णांनीच तोड काढली. खांदा त्यांचा, जोर माझा. मी त्यांच्या मागे दडून उभं राहायचं, वजन अंगावर घ्यायचं आणि सरोजाला याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

लग्न थाटात झालं. नागस्वरम वाजायला लागलं तशी हरिता अण्णांच्या खांद्यावर चढली, अण्णा हसले, आणि मी त्यांच्या उपरण्याआड वाकून, त्यांच्या कमरेला मिठी मारून, दोघांना तोलून धरलं. तिनं माळ घातलेली मला दिसली नाही. टाळ्या ऐकू आल्या, त्यावरून समजलो. माझी पाठ तेव्हा जी धरली ती अजून सुटलेली नाही, पण मांडवात कुणी चकार शब्द काढला नाही.

काल फोटोवाला अल्बम पक्का करायला घरी आला होता. तोच फोटो मोठा करून पहिल्या पानावर घेतलाय. हरिता सुरेख दिसते, अण्णा तर राजासारखे. फोटोवाला म्हणाला, "अम्मा, फोटो चांगला आहे, पण मामांच्या पोटावर हे कुणाचे तरी दोन हात आलेत. कुणाचे ते?"

सरोजानं चष्मा लावला. फोटो उजेडात धरून नीट बघितला. तीस वर्षांच्या संसारातले माझे दोन्ही हात, आणि त्यातल्या एकावर तिनंच दिलेलं घड्याळ.

"कोण की," ती म्हणाली. "काढून टाका."