फाटकबाईंचं चिलट

दिवेलागणीच्या सुमारास तुम्ही वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आलात, तर तिथे डोक्यावर काळं घमेलं उपडं घालून उभ्या असलेल्या सत्तरीच्या एक बाई दिसतील. घाबरू नका आणि हाकही मारू नका. हाक मारलीत तर त्या ओठ न हलवता "हलू नका" म्हणतील, आणि का कोण जाणे, तुम्हीही एक पाय उचललेल्या अवस्थेत तिथेच थांबाल. मी थांबलेलो आहे. हातात दोरीवरून काढलेले कपडे होते आणि खालून बायको कुठे अडकलात म्हणून फोन करत होती.

या आमच्या फाटकबाई. पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर लोक हरिपाठ नाहीतर शेअर बाजार धरतात, तसं बाईंनी चिलटं धरली. अक्षरशः धरली. या चिलटांच्या नरांना म्हणे संध्याकाळी गोळा व्हायला एखादी उंच काळी खूण लागते. त्या खुणेच्या वर त्यांचा थवा नाचतो. आमच्या गच्चीवर ती खूण म्हणजे घमेल्यासह फाटकबाई. थवा जमला की बाई जुन्या नायलॉनच्या साडीची जाळी हळूच वर नेतात आणि दोन-चार पाहुणे घरी घेऊन जातात.

"डास पकडता का, बाई?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"डास नव्हेत. हे चावत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यानंतर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

बाईंच्या मते जगात दोनच जाती आहेत, चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या. हा नियम त्या माणसांनाही लावतात. आमचा दूधवाला न चावणारा, केबलवाला चावणारा, माझी बायको "वरून वाटतात, पण न चावणाऱ्या". मी कशात, असं एकदा विचारलं, तर माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "तुमचं अजून ठरत नाही." मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ज्या मीटिंगला मी गेलो नव्हतो तिच्यात मी एकमताने निवडून आलो, त्यामुळे माझं काहीच ठरत नाही हे मला मान्य आहे.

तर एके दिवशी बाई माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, आपल्या गच्चीवर एक नवीन जात राहते."

मी म्हटलं, "भाडेकरूंची एनओसी घेतलीय का?"

नवीन जात चिलटाची होती. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी कित्येक वर्षं गळते. तिच्याखाली शेवाळाचं एक हिरवंगार डबकं झालंय. त्या डबक्यातल्या चिखलात लाल दोऱ्यासारख्या अळ्या असतात, त्यांची चिलटं होतात, आणि ही चिलटं याआधी जगात कोणीही लिहून ठेवलेली नाहीत, असं बाईंचं म्हणणं होतं. परगावच्या एका तज्ज्ञाला त्यांनी फोटो पाठवले होते. तोही म्हणाला, असलं पाहिलेलं नाही. म्हणजे नेमकं कसलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मला ते चिलटासारखं चिलट दिसलं.

बाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यामुळे सूक्ष्मदर्शकात बघायला त्या मला बोलवू लागल्या. मी डोळा लावायचा, दिसेल ते सांगायचं आणि त्यांनी लिहून घ्यायचं.

"शेपटाकडे बघा. काय दिसतंय?"

"चिमटा आहे, बाई. पापड भाजायचा असतो तसा. आतून केस आहेत. हे काय आहे?"

"नराचं जननांग. त्यावरूनच जात ओळखतात. केस किती लांब आहेत?"

सत्तरीच्या बाईंना हे उत्तर कसं द्यायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी "बेताचे" म्हणालो. "बेताचे म्हणजे काय? नीट बघा, लाजताय काय!" असं बाई ओरडल्या, तेव्हा त्यांच्याकडे इस्त्रीचे कपडे द्यायला आलेला माणूस दारातूनच परत गेला.

पण बाईंचा जीव नरात नव्हता, मादीत होता. एकेक अळी वेगळ्या बाटलीत ठेवायची, तिची कात सांभाळायची, कोष सांभाळायचा आणि शेवटी त्यातून चिलट बाहेर पडलं की खात्री होते, की ही अळी आणि हे चिलट एकाच घरचं. बाटल्या होमिओपॅथीच्या. त्या उभ्या ठेवायला बाईंनी इडलीपात्र वापरलं होतं, प्रत्येक खळग्यात एक बाटली, तोंडाला कापूस. आणि आजवर त्यातून सगळे नरच निघाले होते.

"नर आहेत ना? मग लिहून टाका की," मी म्हणालो.

"लग्नपत्रिकेत नुसतं नवऱ्या मुलाचं नाव छापतात का?" बाई म्हणाल्या. "मादीशिवाय मी लिहिणार नाही. आणि टाकीचं काम तोवर करायचं नाही."

इथे कामत उभे राहिले. कामत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. टाकी त्यांच्या हॉलच्या बरोबर डोक्यावर आणि हॉलमध्ये सोफ्याशेजारी कायमची बादली. टाकीच्या दुरुस्तीसाठी बोलावलेल्या मीटिंगमध्ये ते लालबुंद झाले. "अरे, माझ्या घरात पाणी टपकतंय आणि तुम्ही मच्छरची फॅमिली प्लॅनिंग करताय?"

"डास नव्हेत. हे चावत नाहीत," बाई आणि मी एकदमच म्हणालो. मला माझंच आश्चर्य वाटलं.

मग नवीन जातीला नाव द्यायचं असतं आणि ते शोधणाऱ्याने स्वतःचं द्यायचं नसतं, असं बाईंच्या बोलण्यात आलं आणि मीटिंग भलतीकडेच गेली. चेअरमनना वाटलं, सोसायटीच्या सर्वोच्च पदाचा विचार व्हावा. जोशींना त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव हवं होतं, पण मिसेस जोशी म्हणाल्या, मामंजींचं नाव चिलटाला? मग त्यावर त्यांच्यात जुंपली. कामत म्हणाले, गळती माझ्या डोक्यावर, तर नाव माझंच पाहिजे. अर्ध्या लोकांना नाव दिलं तर अपमान वाटणार होता आणि उरलेल्यांना नाही दिलं तर. मी मिनिट्समध्ये काय लिहावं ते न सुचून "चर्चा झाली" असं लिहिलं. काम मात्र पुढे ढकललं गेलं. कामतांनीच हात वर केला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. जिन्यात मला म्हणाले, "म्हातारी एकटी आहे रे. बादली काय, बदलत राहीन."

एवढ्यात बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. बाटल्यांकडे बघणार कोण? इडलीपात्र आमच्या घरी आलं. बायकोने ते देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलं आणि त्या रविवारी आमच्याकडे इडल्यांऐवजी पोहे झाले.

ऑपरेशन झालं त्या दिवशी कामतांनी जे केलं, ते आमच्याच बिल्डिंगमध्ये होऊ शकतं. बाई नव्या डोळ्याने गच्चीवर येतील आणि त्या शेवाळावरून घसरतील, या काळजीने त्यांनी स्वखर्चाने दोन माणसं लावली. त्यांनी फिनेल ओतून, तारेच्या ब्रशने घासून सगळी गच्ची आरशासारखी लख्ख केली. टाकीचं काम नाही केलं हं, शब्द पाळला! फक्त डबकं पुसून काढलं. वर एक रबरी मॅटसुद्धा अंथरली. आणि बाईंना सांगायला ते स्वतः नारळपाणी घेऊन गेले.

मी बाईंच्या घरीच बसलेलो होतो. बाईंनी नारळपाणी हातात घेतलं, पण तोंडाला लावलं नाही. कामत हसत उभे होते आणि हळूहळू त्यांचं हसू उतरत गेलं.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"तुम्ही न चावणाऱ्यातले आहात, कामत," बाई म्हणाल्या. "बसा. नारळ फोडून आणलात, बरं केलंत."

कामत गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "आता तुमच्याकडे आहेत तेवढ्याच." मला वाईट वाटलं. शिकवलेल्या मुलांपैकी कोणी येतं-जातं का, असं मी काहीतरीच विचारलं. बाई म्हणाल्या, "त्यांचे फोन येतात. सेक्रेटरी, या चिलटांना मोठं झाल्यावर खायला तोंडच नसतं, ठाऊक आहे? चार दिवस जगायचं, जेवायचं नाही. मला त्याचं फार बरं वाटतं. एकटीसाठी रात्री कुकर लावायचा म्हणजे कंटाळा येतो हो."

त्यानंतर आमच्या घरात विचित्र दिवस सुरू झाले. काही अळ्या मेल्या. एका कोषातून चिलट निघालं, मिशा पिसासारख्या झुपकेदार, म्हणजे नर. बायकोने इतक्या तुच्छतेने "नरच!" म्हटलं की मला उगाच अपराधी वाटलं. शेवटी एकच कोष उरला. मी ऑफिसातून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून घरी फोन करायचो, "काही हालचाल?" शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "कितवा महिना?"

आणि एका सकाळी दाढी करताना बायकोची हाक आली. बाटलीत, कापसाखाली, काचेला धरून एक चिलट बसलेलं. मिशा साध्या. झुपका नाही. मी भिंग लावून बघितलं, बायकोने बघितलं, मग पुन्हा मी. आणि तोंडाला फेस तसाच ठेवून जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडलो, "बाई! मुलगी झाली!"

सगळ्या बिल्डिंगची दारं उघडली. मला या वयात मुलगी कशी झाली यावर चेअरमन मजल्यावरच्या लोकांशी बोलू लागले. खरा प्रकार कळल्यावर कामत चप्पल अडकवून बाहेर पळाले आणि अर्ध्या तासाने आले ते बर्फीचा मोठा पुडा घेऊन. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. घरोघरी वाटली. फिनेलचं ओझं त्यांच्या मनावर होतंच.

चिलटाचं अंग वाळून घट्ट व्हायला दिवस जावा लागतो आणि मग ते स्पिरिटात घालून जतन करायचं, असं बाईंनी सांगितलं. संध्याकाळी त्या बाटली घेऊन गच्चीवर निघाल्या. मी सोबत गेलो.

"इथे कशाला, बाई?"

"बाटलीतच जन्मली, बाटलीतच जाईल. एकदा संध्याकाळ तरी बघू दे."

गच्ची लख्ख, फिनेलचा वास अजून होता. घमेलं कोपऱ्यात. ते उचलायची बाईंना मनाई. मागून आलेले कामत पुढे झाले आणि त्यांनी ते स्वतःच्या डोक्यावर उपडं घातलं. मग एकेक करत बरीच मंडळी वर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कुठून तरी, टाकीच्या आडून असेल, घमेल्यावर धुरासारखे थोडे ठिपके जमले आणि वरखाली नाचायला लागले.

"चावणार नाहीत ना?" कामत ओठ न हलवता म्हणाले.

"नाही हो."

"मग नाव कोणाचं ठेवलंत, ते तरी सांगा."

"लॅटिनमध्ये शेजाऱ्याला एक शब्द आहे. तो ठेवलाय. तुम्ही सगळेच आलात त्यात, आता भांडू नका."

बाईंनी काळा चष्मा काढला. मी अडवणार होतो, पण अडवलं नाही. त्यांनी बाटली थव्यासमोर धरली. नव्या डोळ्याने आधी थव्याकडे बघितलं, मग काचेतल्या चिलटाकडे, मग भिंतीला टेकलेल्या आमच्याकडे.

"सेक्रेटरी," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या घरची म्हणून कोणी बर्फी वाटली, ती ही पहिलीच."

मी विचारलं, "आता स्पिरिट आणू?"

"पाच मिनिटांनी आणा," बाई म्हणाल्या. "आत्ता हलू नका."

कामत घमेलं धरून उभे होते. आम्ही कोणीच हललो नाही.