पेशकारसाहेबांची कंबर

आमच्या कचेरीच्या आवारात एकदा अमीनसाहेब एका शेळीचोराला फटके देत होते. अमीन म्हणजे निजामी मुलखातला पोलिसांचा अंमलदार. चोर बोंबलत होता, बघे जमले होते, आणि त्या गर्दीतून वाट काढत भगवंतराव पेशकार पुढं गेले. आम्हाला वाटलं, गरिबाची दया आली असेल. भगवंतरावांनी चष्मा वर सरकवला, मान तिरकी करून अमीनसाहेबांचा वेत न्याहाळला आणि म्हणाले, "अमीनसाब, तुमी नुसत्या हातानं मारायलात. हात थकतो. कंबर वळवा, कंबर!"

अमीनसाहेबांनी कंबर वळवली. पुढचा फटका बसला तसा चोर हात जोडून म्हणाला, "पेशकारसाब, तुमच्या पाया पडतो, तुमी घरला जावा." आणि त्यानं जागच्या जागी गुन्हा कबूल केला. शेळीचा तर केलाच, पण कुणी न विचारलेल्या दोन कोंबड्यांचाही केला.

भगवंतराव तहसीलदारांच्या हाताखालचे मोठे कारकून, म्हणजे पेशकार. मी त्यांच्या हाताखालचा लहान कारकून, कडा गावाकडून नवा आलेला. त्यांचा उर्दू मसुदा असा की बीडची मोठी कचेरी त्यात एका नुक्त्याचीही चूक काढू शकत नसे. अंगानं काटकुळे, टोपी कानापर्यंत. पण रस्त्यात कुठं काही आपटल्याचा, ठोकल्याचा, बडवल्याचा आवाज आला की या माणसाचे पाय तिकडं वळत. लोहाराला ते घण कसा मारावा हे सांगत. मोहरमच्या ढोलवाल्याला मिरवणुकीत थांबवून त्यांनी पाय किती अंतरावर ठेवावेत ते दाखवलं होतं. ढोलवाला त्या दिवसापासून त्यांना बघितलं की गल्ली बदलत असे.

या साऱ्याचं मूळ विटीदांडूत होतं. आमच्याकडं तेव्हा हा पोरांचा खेळ नव्हता. सुगी आटोपली की बाप्ये खेळत, नेकनूरचे लोक आमच्यावर चालून येत आणि आम्ही त्यांच्यावर. कचेरी सुटली की मागच्या माळावर डाव पडे. भगवंतराव लिंबाखाली छत्री टेकून उभे राहत आणि प्रत्येक टोल्याची चिरफाड करत. "हात खोटं बोलतो, कंबर न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

स्वतः मात्र ते दांडूला शिवत नसत. एकदा आम्ही फारच गळ घातली तेव्हा त्यांनी धोतर खोचून दांडू उचलला, विटीच्या टोकावर टिचकी मारली, विटी उडाली, आणि टोला बसला तो करीमभाई चपराश्याच्या नडगीवर. विटी होती तिथंच पडली. करीमभाई आठ दिवस लंगडत टपाल वाटत होता. त्यानंतर त्यांना कुणी आग्रह केला नाही.

आणखी एक गंमत होती. अवघड प्रश्न विचारला की भगवंतराव कधी लगेच उत्तर देत नसत. "उद्या सांगतो," म्हणत. दुसऱ्या दिवशी मात्र असं उत्तर आणत की विचारणाराच गप्प.

त्या साली हैदराबादेहून नवे तहसीलदार आले. तरणेबांड, गोरेपान, ट्रंकेत क्रिकेटची बॅट. त्यांची आणि पेशकारांची पहिली गाठ पडली ती एका शेरवानीवरून. विठोबा परटाला भगवंतरावांनी नदीवर कंबर शिकवली होती, आणि नव्या जोरात त्यानं आपटलेली पहिली वस्तू म्हणजे साहेबांची रेशमी शेरवानी. तिचे दोन भाग झाले. दोन्ही स्वच्छ निघाले होते, एवढंच समाधान.

"पेशकारसाब," तहसीलदार म्हणाले, "धोबी बोलता, तुमने सिखाया."

"हुजूर, मारायचं शिकवलं. फाडायचं न्हाई."

तहसीलदार रागवायचे ते हसले आणि मग वाद सुरू झाला तो महिनाभर चालला. फाइली राहिल्या बाजूला. साहेब मेजावरून उठून बॅट धरून दाखवत. बॅट सरळ यायला हवी, डावं कोपर वर, नजर खाली, हा शरिफांचा खेळ आहे.

"हुजूर," भगवंतराव अदबीनं म्हणत, "असं कोपर वर धरलं की काखेत फोड झाल्यावानी दिसतं."

"अच्छा? और कमर घूमी तो सर भी घूमेगा. सर घूमा तो नजर हटी. नजर हटी तो मारोगे किसको? बोलो!"

सगळी कचेरी पेशकारांकडं बघू लागली. प्रश्न खरंच बिनतोड होता.

"उद्या सांगतो, हुजूर."

दुसऱ्या दिवशी कागद पुढं ठेवता ठेवता भगवंतराव म्हणाले, "हुजूर, जात्याचा वरचा दगड फिरतो. मधला खिळा फिरतो का? मान म्हंजे खिळा."

साहेबांनी खुर्चीतच मान ताठ धरून कंबर वळवून पाहिली. मला मात्र नवल वाटलं ते वेगळंच. जन्मभर बोरू घासलेल्या माणसाला जात्याची इतकी माहिती कशी?

अशात परळीची एक मोठी जागा रिकामी झाली. पगार वाढणार, मान वाढणार, आणि शिफारस करणं तहसीलदारांच्या हातात. त्यांनी मोठ्या खुशीनं भगवंतरावांचं नाव काढलं. भगवंतरावांचा चेहरा पडला. "मला नको, हुजूर," एवढंच म्हणाले.

"क्यूँ?"

"हितलं पाणी मानवतं."

हे पाणी पिऊन आम्ही सारे खरजेनं हैराण होतो. कचेरीत कुजबुज सुरू झाली. बढती नाकारणारा माणूस आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. मी एकदा धीर करून विचारलं, "पेशकारसाहेब, कावून नको म्हणता?" तर त्यांनी मला माझ्याच मागच्या सालच्या मसुद्यातली चूक दाखवली.

साहेबांनाही हट्ट चढला. शेवटी ते म्हणाले, "फैसला मैदान में होगा. तीन आदमी मेरे, तीन तुम्हारे. विटी-दांडूच सही. मैं अपने तरीके से सिखाऊँगा, तुम अपने. हारे तो परली."

सगळे हसले. भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "ठीक हाय."

पेशकारांच्या बाजूनं विठोबा परीट, करीमभाई चपराशी आणि मी. विठोबाला निवडलं ते शेरवानीच्या पुराव्यावर. करीमभाई दांडगा होता. मला का घेतलं ते मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, कारण तालुक्यात माझ्याइतका वाईट टोला कुणाचा नसेल.

साहेबांची शिकवणी कचेरीच्या ओसरीवर चाले. चुन्यानं रेघ आखलेली, समोर आरसा, हैदराबादचे दोन कारकून आणि स्वतः साहेब कोपरं वर करून "एक, दो, तीन" करत. आमची शिकवणी नदीत. आठ दिवस भगवंतरावांनी आम्हाला विटी दाखवलीसुद्धा नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं करायचं, उपरण्यानं हात पोटाला बांधायचे आणि म्हणायचं, "वळा. लाट उठली पायजे, हात हलता कामा न्हाई." सरकारचे दोन नोकर आणि एक परीट पाण्यात जात्यासारखे फिरताना बघून धुण्याला आलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "कशाचा नवस म्हणावा ह्यो?"

"बढती मिळू नये म्हणून," मी म्हणालो. म्हातारीनं कानाला हात लावले.

दर संध्याकाळी भगवंतराव आमची एकेक खोड बारकाईनं बघून जात आणि सकाळी इलाज घेऊन येत. करीमभाईला म्हणाले, पायाचा अंगठा जमिनीत रोवा. त्याचा टोला दीडपट झाला. विठोबाला म्हणाले, खांदा सैल सोडा, सूप पाखडताना सोडतात तसा. त्याचीही विटी सणसणू लागली. माझ्यावर मात्र कोणताच इलाज लागू पडेना. विटी उडवली की माझे डोळे आपोआप मिटत.

सामन्याच्या दिवशी माळावर जत्रा भरली. नियम सोपा. प्रत्येकानं तीन टोले मारायचे, विटी गल्लीपासून, म्हणजे ती ठेवायच्या खळगीपासून, किती लांब गेली ते दांडूनं मोजायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. साहेब खुर्ची टाकून बसले होते, गल्लीच्या बरोबर मागं.

साहेबांची माणसं बरी खेळली. खोटं कशाला सांगू, साहेबांचा सरळ टोला देखणाच होता. विटी मान वर करून जायची. आमच्या विठोबानं तोडीस तोड उत्तर दिलं. करीमभाईनं तर एक टोला असा हाणला की विटी शोधायला तिघांना धाडावं लागलं. मग माझी पाळी आली. थोडंच अंतर हवं होतं. दुसऱ्या कुणाला ते हसत जमलं असतं.

पहिला टोला हवेत गेला. दुसराही हवेत. मी लिंबाकडं पाहिलं. भगवंतरावांची छत्री खाली पडली होती आणि ते दोन्ही हातांनी झाडाचा बुंधा धरून उभे होते. एका थट्टेच्या पैजेपायी माणूस इतका पांढरा पडलेला मी पाहिला नव्हता.

तिसऱ्यांदा विटी उडवली, डोळे मिटले आणि देवाचं नाव घेऊन कंबर वळवली. ती इतकी वळली की मी अख्खा गरकन फिरलो, धोतराचा काष्टा सुटला, आणि खाडकन आवाज झाला. डोळे उघडले तर पुढं काहीच नाही. सगळे मागं बघत होते. विटी उलटी, साहेबांच्या डोक्यावरून, त्यांची लाल टोपी घेऊन गेली होती. टोपी दहा पावलांवर पडली. विटी कचेरीचं कौलारू छप्पर ओलांडून गेली होती.

"रद्द!" हैदराबादचे कारकून ओरडले. "पीछे गई!"

भगवंतराव धावत आले. "हुजूर, अंतर मोजायचं ठरलं हुतं. दिशा ठरली नव्हती. जबानीत दिशेचा उल्लेख न्हाई."

साहेबांनी आपल्या मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता माझीच बदली. पण ते एकदम खो खो हसत सुटले. "पेशकारसाब, आप यहींच रहो! परली के कारकून आपने बिगाड़ दिए, तो जवाब मैं देऊँ क्या?"

भगवंतराव मटकन खालीच बसले. मग धूळ झटकत माझ्याकडं आले आणि म्हणाले, "चला, घरी चला."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दोन वर्षांत त्यांनी मला ओट्यापर्यंतही नेलं नव्हतं. आम्ही त्यांना कंजूष समजत होतो.

दिवेलागणीला घर आलं. आत पलंगावर एक बाई उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा तरतरीत, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि कमरेखाली पांघरूण. सहा वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या तेव्हापासून पाय गेले होते. शेजारच्या जुन्या लोकांना हे माहीत होतं, पण कचेरीत कधी कुणी बोललं नव्हतं. बैलगाडीच्या हादऱ्यानं त्यांच्या पाठीत कळा येत. परळी तर दोन मुक्कामांवर होती.

"राह्यलो!" भगवंतराव उंबऱ्यातूनच म्हणाले. "हितंच राह्यलो!"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. लगेच काढलाही. "आधी सांगा, जिंकलं कसं? परटानं खांदा सोडला का?"

मग त्या काटकुळ्या माणसानं टोपी काढून ठेवली आणि अख्खा सामना करून दाखवला. साहेबांचं कोपर, विठोबाचा खांदा, करीमभाईचा अंगठा, एकूण एक टोला. मध्येच साहेबांची टोपी उडाली तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हे घडत होतं तेव्हा मला कळलं की हे रोजचंच आहे. अमीनसाहेबांचा वेत, लोहाराचा घण, मिरवणुकीतला ढोल, दिवसभर जे जे बघायचं ते संध्याकाळी या खोलीत येत होतं. आणि इथून जो इलाज मिळे तो सकाळी माळावर जाई.

"हे भावजी का?" बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मारताना डोळं मिटता म्हणं तुमी."

मी खाली मान घातली. "वहिनी, तुम्हाला हे सगळं कसं कळतं?"

"माझं माहेर तुमच्या कड्याकडलंच, म्हणून तर तुमाला घ्या म्हणलं मी. चार भावांत मी एकली. नदीच्या वाळूत माझ्याम्होरं एकाची विटी जात नव्हती. लगीन झालं अन् दांडू सुटला." त्यांनी पलंगाशेजारचं लाटणं माझ्या हाती दिलं. "मारून दाखवा बरं."

मी त्या एवढ्याशा खोलीत लाटणं फिरवलं. फडताळ थोडक्यात वाचलं.

"दम कोंडता तुमी," त्या म्हणाल्या. "दम कोंडला की डोळं मिटत्यात. श्वास सोडत मारा."

मी श्वास सोडत लाटणं फिरवलं. जन्मात पहिल्यांदा माझे डोळे उघडे राहिले. वहिनी टाळी वाजवून म्हणाल्या, "अंगाश्शी!" मी वळून भगवंतरावांकडं बघितलं. त्यांना माझा टोला दिसलाच नव्हता. ते बायकोकडं बघत होते.

गूळ-पाणी झालं. ते मला ओट्यापर्यंत सोडायला आले. वहाणा घालताना मी म्हणालो, "पेशकारसाहेब, हे आम्हाला कधी सांगितलं नाही."

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "उद्या बी या. तुमचं मारणं लई खराब हाय. तिला करमतं."