दोन रेघांमधली जागा

दशरथराव बोलताना हवेत उभ्या रेघा मारायचे. "शालनताई," म्हणायचे आणि ऊस तोडल्यासारखा उजवा पंजा सपकन खाली आणायचे. "इंदापूर," सप्. "विषय चहा," सप्. मग डोळे रोखून थांबायचे. समोरच्यानं "पोचलं" म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. एकदा टपरीवाला गडबडीत ते म्हणायला विसरला, तर यांनी अख्खा चहा त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

पहिल्या भेटीत मी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हणाले, "आमी तिघं भाऊ. म्हाळू." सप्. सप्. "दशरथ." मला वाटलं, गडी हिशेबात कच्चा दिसतो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एका दवाखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळायचे आणि इंदापूरच्या रक्त-लघवी तपासणी केंद्रात मी. तोवर आमचे रिपोर्ट बारामतीला जायचे ते एसटीनं, कंडक्टरच्या मर्जीनं. आता ते फोनच्या तारेतून जाणार होते. अडचण एवढीच, की दोन्हीकडचे कॉम्प्युटर वेगळ्या घरचे. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. ही सोयरीक जुळवायचं काम दशरथरावांचं.

आणि मी? मी स्वतःला इंदापूरची पहिली कॉम्प्युटरबाई समजायचे. नंबर नसताना चष्मा वापरायचे. कॉम्प्युटरला रोज हळदकुंकू लावायचे आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आमच्या केंद्राच्या साहेबांनासुद्धा आत घ्यायचे नाही. बाकी त्यातलं मला जेवढं कळत होतं, तेवढं त्या हळदकुंकवालाही कळत असेल.

दशरथरावांनी अमेरिकेतल्या दवाखान्यांनी आपसात ठरवलेल्या नियमांची जाडजूड झेरॉक्स कुठूनशी पैदा केली होती. तिचं सार त्यांनी मला फोनवर दिलं. "ताई, दवाखाना दवाखान्याशी बोलतो ती एक ओळ असती. नाव, रेघ, वय, रेघ, रक्तगट, रेघ, गाव. ज्याची त्याची जागा ठरलेली. एखादी गोष्ट म्हाईत न्हाय? दोन रेघा शेजारी मारा, पर जागा मोडू नका. पलीकडनं 'पोचलं' आलं की मगच पुढची ओळ."

मी काटकसरी घरची. म्हटलं, मधे काहीच नाही तर दोन रेघा कशाला, एकीत भागतं की. भागवलं. मोडेम किंचाळला (तो इतका किंचाळायचा, की शेजारच्या वाण्याला वाटायचं आम्ही कोंबडी धरलीय) आणि ओळ बारामतीला गेली. थोड्याच वेळात फोन आला.

"शालनताई, हितं एका आजोबांचा रक्तगट कोऱ्हाळे बुद्रुक आलाय. रक्त द्यायची पाळी आली तर ग्रामपंचायतीत जाऊ का?"

मी चष्मा काढून ठेवला. तो परत काही घातला नाही.

गाडी रुळावर येतेय तोच बारामतीच्या डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांना ते रिकामे रकाने खुपत होते. अर्धवट काम वाटतं म्हणाले. विशेषतः 'औषधाची रिअॅक्शन' हा रकाना. सांगितलेलं नसेल तिथं सरळ 'नाही' भरा, असा हुकूम झाला.

दशरथराव म्हणाले, "न्हाय आन म्हाईत न्हाय, ही दोन येगळी हायत, साहेब."

साहेबांनी शांतपणे सांगितलं, शनिवारपर्यंत रकाने भरलेले दिसले पाहिजेत, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मी टेबलाखालून दशरथरावांचा पाय दाबला. हा मनुष्य आपला पाय बाजूला घेऊन साहेबांना मेंढरांची गोष्ट सांगू लागला. त्यांच्या घरी पूर्वी कळप होता.

"सांजच्याला मेंढरं आत घेताना एखादं कमी भरलं, तर आमचा बा म्हणायचा, दिसलं न्हाय म्हण. मेलं म्हणू नगं. मेलं म्हटलं की हुडकणं थांबतं."

"हा दवाखाना आहे, मेंढवाडा नाही," साहेब म्हणाले आणि उठले.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या जागी कोण येईल याचा विचारसुद्धा करून टाकला. दशरथरावांनी मात्र एकही रकाना भरला नाही.

शनिवारी लोणी भापकरची एक बाई पाय सुजून बारामतीच्या दवाखान्यात आली. तिची ओळ आमच्याकडूनच गेलेली, रिअॅक्शनची जागा मोकळी. सिस्टरनं इंजेक्शन भरलं, ती मोकळी जागा बघितली आणि टोचायच्या आधी विचारलं. बाई म्हणाली, मागं असलीच एक सुई घेतली तर अंगभर गांधी उठून मी भोवळ येऊन पडले होते. सिस्टरनं सुई खाली ठेवली.

संध्याकाळी साहेबांनी दशरथरावांना बोलावून सांगितलं, रकाने आहेत तसेच राहू द्या. कोणीही एवढ्यावर गप्प बसलं असतं. हे हवेत रेघ मारून म्हणाले, "पोचलं का, साहेब?" आणि भिंतभर पदव्या टांगलेल्या त्या माणसाला "पोचलं" म्हणावं लागलं. ही नक्कल मी पुढं इंदापुरात सगळ्यांना करून दाखवली. हळदीकुंकवाला मला त्यासाठी बोलावणी यायची.

त्या आनंदात दशरथरावांनी मला कन्हेरीला जेवायला बोलावलं. पंगतीला त्यांचे थोरले भाऊ, म्हाळूआबा, होते. आबांनी ताटावर बसल्याबसल्या जुनाच विषय काढला. मधला भाऊ धुळा पोरवयात कळपाबरोबर कोकणच्या वाटेला गेला, घाटात चुकला, तो पुन्हा दिसला नाही. त्याच्यावाचून जमिनीची वाटणी अडली होती.

"दशरथा, लई वर्सं झाली," आबा हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता, थकवा होता. "मयत लिहू. त्योबी सुटंल, आपुनबी सुटू."

दशरथरावांचा उजवा हात आमटीत होता. त्यांनी डावा उचलला.

"म्हाळू," म्हणाले. हात खाली आला. परत वर गेला, परत खाली आला. "दशरथ."

आणि डोळे रोखून थांबले. आबा ताटात बघत राहिले. मला त्या वेळी नक्कल आठवली नाही, हसूही आलं नाही.

"पोचलं," मी म्हटलं.

तेव्हा कुठं त्यांनी भाकरी मोडली.