भ्रमणमार्गावरचा पहिला मान

एका डोंगरी जंगलात, मुलांनो, जनावरांना जगायला दोनच गोष्टी लागायच्या. पाणी आणि मान. नीट बसा. मधे बोलायचं नाही.

त्या डोंगरातून माणसांनी घाटरस्ता काढला. डोंगराचे दोन तुकडे झाले. चारा अलीकडे राहिला, बारमाही झरा पलीकडे गेला. जनावरं पाण्याला निघाली की रस्त्यावर मरायची. माणसांना त्याचं काही वाटलं नाही. पण गाड्यांना पोचे पडायला लागले, तेव्हा फार वाईट वाटलं. मग त्यांनी रस्त्यावरून एक रुंद पूल बांधला. वर माती टाकली, कारवीची झुडपं लावली. त्याला नाव दिलं भ्रमणमार्ग.

अलीकडे सोनकी नावाची भेकरीण राहायची. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. तिचं पिल्लू नुकतं कुठे चालायला लागलं होतं. उन्हाळ्याने डबकी आटली होती. पिल्लाची जीभ बाहेर आली होती. पूल तयार झाल्याचं कळलं तशी सोनकी पिल्लाला घेऊन तडक तिकडे गेली.

पुलाच्या तोंडाशी अख्खं जंगल जमलं होतं. पण पाऊल कुणीच टाकत नव्हतं.

"दाजीसाहेब, थांबलात का?" तिने सांबराला विचारलं. सांबर म्हणजे बडं प्रस्थ.

"पुलावरचा पहिला मान कुणाचा, ते ठरायचंय."

"ठरायचंय काय त्यात? मान आमचा," रंगराव रानडुक्कर गुरगुरला. "ही जमीन आमच्या पणजोबांनी उकरली."

"कंद खायला उकरली! म्हणे जमीन."

"आणि तुमच्या घराण्याने काय केलं? दरसाल शिंगं गाळली."

दाजीसाहेबांनी खूर आपटला. दोन्हीकडची भावकी पुढे सरकली.

"अहो, सगळे मिळूनच जाऊ या की," सोनकी म्हणाली. "घोळक्याच्या वाटेला कुणी जात नाही. माझ्या पोराला पाणी पाहिजे हो."

"घोळक्याने जायला ही काय जत्रा आहे?" दाजीसाहेब म्हणाले.

"तुझ्या सात पिढ्यांत कुणी मानकरी झालंय का गं?" रंगरावाने विचारलं.

या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं. दोघेही हसले.

त्या जंगलात बिबट्याचं राज्य होतं. राजा मोठा समजूतदार. उपाशी असला की जरा जास्तच.

"भांडू नका," तो म्हणाला. "मी पलीकडे जाऊन तुमच्या स्वागताला बसतो. तुम्ही एकेकाने या. घोळक्यात कसला आलाय मान?"

सगळ्यांना पटलं. सोनकीला पटलं नाही. पण तिला विचारलं कुणी?

नाव पुकारायला कोल्ह्याला नेमलं. त्याने वय बघून पहिला पुकारा दाजीसाहेबांचा केला. दाजीसाहेब मान ताठ करून पूल ओलांडून गेले. पलीकडची झाडी हलली. मग हलायची थांबली.

"ते दिसत का नाहीत?" सोनकीने विचारलं.

"सत्कार चाललाय," कोल्हा म्हणाला. "थोरांचे सत्कार लांबतात."

"माझाही तेवढाच लांबला पाहिजे," रंगराव म्हणाला.

"लांबेल," कोल्हा म्हणाला.

रंगरावही गेला. मग तिसऱ्या मानावरून दाजीसाहेबांचा पुतण्या आणि रंगरावाचा भाऊ यांची जुंपली. इकडे पिल्लाचे गुडघे टेकले. सोनकीने त्याला नाकाने ढोसून उभं केलं आणि ती कोल्ह्याकडे गेली.

"आम्हाला सोड."

"कितवा मान तुमचा?"

"मान नको. पाणी पाहिजे."

कोल्हा गोंधळला. "मान नको म्हणणाऱ्याचा पुकारा कसा करतात, ते मला ठाऊक नाही."

"मग नको करूस."

ती कडेच्या कारवीतून निघाली. पिल्लाला पोटाखाली घेतलं. पलीकडे एक झाड होतं. दाजीसाहेब बुंध्याशी पडले होते. अंगाने जड, वर नेता आले नव्हते. रंगराव फांदीवर लटकत होता. शेवटी वरची जागा त्यालाच मिळाली होती.

दोघांच्या मधे बिबट्या पोट पसरून पडला होता. त्याने एक डोळा उघडला.

"कोण?"

"कुणी नाही, राजे. भेकर आहे. बिनमानाचं."

"मग उठायला नको," बिबट्या म्हणाला. त्याने डोळा मिटला.

पिल्लू पोटभर पाणी प्यालं. सोनकी त्याला घेऊन दूरच्या कड्यावर चढली आणि जिवाच्या आकांताने भुंकली. भेकर असं भुंकलं की बिबट्या दबा धरून आहे, हे जंगलातलं तान्हं पोरही ओळखतं.

अलीकडचं भांडण थांबलं.

"ऐकलंत? पलीकडे बिबट्या आहे म्हणतेय," पुतण्या म्हणाला.

"त्यात नवल काय? राजे स्वागतालाच बसलेत," रंगरावाचा भाऊ म्हणाला. "पण ही पोचली कधी? अरे, तिसरा मान भेकरिणीने खाल्ला!"

"मग चौथा आमचा!" पुतण्या ओरडला, आणि पुकाऱ्याची वाट न बघता तावातावाने पुलावर चढला.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांना नेहमी पुढे जाऊ द्यावं. मोठे कमी होतात, आणि लहानांना पाणी पुरतं.