हरणाबाईंनी वाटलेली कार्डं

कुमार भट्टीवरून घरी आला तेव्हा पोस्टातून आलेलं पार्सल फोडलेलं होतं आणि आत पुठ्ठ्याचा रिकामा डबा होता. दुपारी तुळजापुरात पेढेवाल्या आण्णासाहेबांना भेटायचं होतं. त्यांनी रोजचा दहा किलो खवा घ्यायचं कबूल केलं, तरच ईट गावातल्या त्याच्या नव्या खवाभट्टीचा जम बसणार होता. त्यासाठीच त्याने दोनशे कार्डं छापून मागवली होती: वर गणपती, खाली त्याचं नाव, धंदा आणि मोबाईल नंबर.

"आई, कार्डं कुठं हायती?"

"वाटली की," हरणाबाई समाधानाने म्हणाल्या. "तूच म्हणला व्हतास, आली की समद्यास्नी वाटायची. सकाळधरनं हिंडले. एकेक कार्ड हळदीकुंकू लावून दिलं."

"अगं, ती गिऱ्हाइकाला द्यायची व्हती!"

"मग? भावकीच्या आधी गिऱ्हाईक?"

कुमार तसाच चुलत आत्याकडे धावला. धुरपदाबाईंनी कार्ड देवापुढे ठेवलं होतं. "घरी आलेली लग्नाची पत्रिका माघारी मागतूस व्हय रं? असलं अशुभ माझ्या हातनं न्हाय व्हायचं."

पाच घरं झाली, पाच कप चहा झाला. कार्ड एकही मिळालं नाही. शेवटी त्याने रिकाम्या खिशानेच बस गाठली. तिकीट काढेपर्यंत फोन सुरू झाले.

"पत्रिकेवर तारीख न्हाय. मुहूर्त कवाचा?"

"काका, ते खव्याच्या धंद्याचं कार्ड हाय."

"म्हंजी जेवणात खव्याच्या पोळ्या? लई बेस!"

आण्णासाहेब गल्ल्यावर ताठ बसले होते. त्यांनी हात पुढे केला. "कार्ड?"

"संपली," कुमार कसाबसा म्हणाला.

"किती छापली व्हती?"

"दोनशे. आजच आली."

फोन वाजला. त्याने कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

"दिवसाला किती फोन येत्यात?"

"रोजचं न्हाय सांगता यायचं. आज चाळीसेक झाले."

आण्णासाहेब गल्ल्यावरून पुढे झुकले. "मग आमच्यासाठी माल उरंल का?"

खरं सांगावं म्हणून कुमारने तोंड उघडलं. "आण्णा, तसं न्हाय, हे फोन तर..."

"भाव वाढवू नका. दहा न्हाय, पंधरा किलो. उद्यापासून. आन् हा घ्या बयाना."

पुन्हा फोन वाजला. धुरपदाबाईंचा होता. कुमार पायरीवर सरकला आणि दिवसभरात प्रथमच मायेने म्हणाला, "आत्या, ठेवू नका लगेच. घरात आनखी कुणाला तारीख इचारायची ऱ्हायलीय का?"