सासऱ्यांच्या गाडीचे चार प्लग

चार स्पार्क प्लग निवडायला पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला किती वेळ लागावा? मी बायकोला सांगितलं, "वीस मिनिटं. येताना टोफूही आणतो."

टोफू आणला. त्या महिन्यातलं माझं ते एकमेव यश.

माझे सासरे तेराओका शिगेजो गेल्या नोव्हेंबरात वारले. मागे सासूबाई राहिल्या आणि एक लाल, दोन दारांची, पस्तीस वर्षं जुनी रोटरी गाडी राहिली. इतर गाड्यांच्या इंजिनात दट्टे वरखाली नाचतात, हिच्यात दोन त्रिकोण गरगर फिरतात. प्रत्येक त्रिकोणाला दोन प्लग, खालचा गरम जातीचा आणि वरचा थंड. गरम म्हणजे तापला की धग धरून ठेवणारा, थंड म्हणजे पटकन सोडून देणारा. आमच्या घरात तसेच बायको आणि मी.

सासूबाईंनी वर्षभरात एकच गोष्ट मागितली होती. "वर्षश्राद्धाला मी मंदिरात ह्यांच्याच गाडीतून जाणार. मांडीवर ह्यांचा फोटो घेऊन." श्राद्ध रविवारी होतं. सोमवारी ओकायामाचे मोरिवाकी नावाचे गृहस्थ गाडी विकत घेऊन जाणार होते. म्हणजे संधी एकच!

महिनाभर आधीच मी गाडी चालू करून पाहिली. कुणी तुतारीत बटाटे कोंबून फुंकावी तसा आवाज झाला! कुरे शहरातल्या चढावरची आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्यांनी भाताचं झाकण काढलं की आमच्या खिडकीला वाफ येते. समोरच्या कुनिहिरो काकूंची वरची खिडकी धाडकन उघडली. मी त्याच क्षणी इंजिन बंद केलं, उतरलो आणि कमरेतून वाकलो.

"सकाळी सकाळी फार त्रास दिला, काकू!"

"छे छे, कसला त्रास!" म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. आमच्याकडे याचा अर्थ फार त्रास झाला असाच घेतात.

दुपारी पुन्हा किल्ली फिरवली. गाडी ढिम्म! प्लग काढले तर चारही पेट्रोलने ओलेचिंब आणि काळे ठिक्कर. निदान उघड होतं. प्लग गेले!

सुट्या भागांच्या दुकानातले ओकिमोतो ऐंशीचे आहेत. मी जुने प्लग त्यांच्यासमोर ठेवले.

"तेराओकांच्या गाडीचे," मी म्हणालो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाद झालेत ना?" मी विचारलं.

"बाद म्हणजे... तसं म्हणायचं तर... मास्तर, गाडी चालू झाल्यावर तुम्ही किती वेळ..."

"वेळेचं सोडा हो! दोन गरम, दोन थंड, अगदी नवे द्या."

गिऱ्हाइकाला एकच प्रश्न दोनदा विचारणं हा उद्धटपणा आणि ओकिमोतो उद्धट नाहीत. त्यांनी वाकून प्लग दिले, मी वाकून घेतले. जुने तिथेच टाकून आलो.

नवे प्लग बसवले. पहिल्या झटक्यात गाडी चालू! खिडकी उघडली. मी गाडी बंद केली, वाकलो आणि या खेपेला मोमिजी-मांजू या गोड मिठाईचा खोकाही नेऊन दिला. दुपारी गाडी पुन्हा मेलेली. म्हणजे प्लगची जात चुकली! मी चारही गरम आणले. गाडी चालू, खिडकी, बंद, वाकणं, मांजू. दुपारी ढिम्म. मग सगळ्यात महागडे आणले, तोंडाशी सुईसारखी टोकं असलेले. या टोकांवर मी बायकोला पाऊण तास व्याख्यान दिलं. तेही ओले झाले.

दरम्यान मांजूची परतफेड म्हणून काकूंनी संत्र्यांची पिशवी पाठवली. त्याची परतफेड म्हणून आम्ही सुके मासे दिले. त्याची परतफेड म्हणून संत्र्यांची पेटी आली!

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही प्लग बदलताय की सोयरीक जमवताय?"

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी चौथ्यांदा दुकानात गेलो. ओकिमोतोंनी एक डबी पुढे सरकवली. आत सासऱ्यांचेच जुने चार प्लग होते, ब्रशने घासून लखलखीत केलेले.

"नवे नाहीत हे, मास्तर. पण हेच." पैसे घेतले नाहीत.

अपमान माझ्या लक्षात आला होता. पण दुकानात दुसरं काही निवडायचं उरलंही नव्हतं.

रविवारी सासूबाई काळ्या किमोनोत, मांडीवर काळी फीत लावलेला फोटो घेऊन डावीकडे बसल्या. मी किल्ली फिरवली. गाडी गर्जली! समोरची खिडकी उघडली. माझा हात आपोआप किल्लीकडे गेला आणि बोटांवर जपमाळेचा सणसणीत फटका बसला.

"खबरदार!" सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, काकू जाग्या झाल्या..."

"होऊ देत! हे दहा-दहा मिनिटं घुमवायचे. थंड असताना लगेच बंद केली की ही पेट्रोल पिऊन बसते, मग उठत नाही."

"मग महिनाभर बोलला का नाहीत?"

"तुम्ही शास्त्राचे मास्तर. मला वाटलं, काहीतरी प्रयोग चाललाय."

वरून काकू ओरडल्या, "मास्तर, बंद नका करू हो! तीस वर्षं मी या आवाजावर भात चढवला. चार वेळा ऐकायला म्हणून खिडकी उघडली, चारही वेळा तुम्ही बंद करून वाकलात!"

"सांगायचं नाही का, काकू!"

"दुसऱ्याच्या गाडीचं मी कसं सांगणार? आगाऊपणा दिसतो तो!"

दहा मिनिटं आम्ही नुसते बसलो. फोटोची काच सासूबाईंच्या मांडीवर थरथरत होती. त्यांनी ती हाताने दाबली नाही. डोळे मिटले होते. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर आला तेव्हा म्हणाल्या, "आता निघा."

मंदिरापर्यंतचा चढ गाडीने एका दमात घेतला. पाठ झाला, जेवण झालं. दोन-अडीच तासांनी भटजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, मागची गाडी अडलीय. जरा हातभर पुढे घेता का?"

मी गाडी चालू केली. हातभर पुढे घेतली. बंद केली. उतरलो आणि वाकलो.

वाकल्यावर लक्षात आलं.

घरी आम्ही बसने आलो. सासूबाई संपूर्ण रस्ता फोटोकडे बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते आणि ते रडण्याने नव्हे.

सोमवारी मोरिवाकी मंदिरातच आले. त्यांनी चारही प्लग काढून पुसले, वाळवले, परत बसवले आणि आवारातल्या थडग्यांच्या शेजारी दहा मिनिटं गाडी घुमवली. कुणापुढे एकदाही वाकले नाहीत!

मग समाधानाने म्हणाले, "प्लग अगदी नेमके आहेत. हल्ली हे कळणारी माणसं उरली नाहीत. कोणी निवडले?"

भटजी माझ्याकडे बघत होते. बायको माझ्याकडे बघत होती. सासूबाई गाडीकडे बघत होत्या.

"सासऱ्यांनी," मी म्हणालो.

उरलेले बारा प्लग घरी आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जावेत. संत्रीही न्यावीत.