एक रकाना रिकामा

आमच्या चाळीतली खोली सोडून जाणाऱ्याला दोघांचा निरोप घ्यावा लागतो. एक चाळीचे मालक आणि दुसरे नाना. मालक भिंतीत खिळे किती ठोकले ते बघतात आणि सोडून देतात. नाना सोडत नाहीत. भरलेल्या टेम्पोपुढे चष्मा लावून उभे राहतात आणि म्हणतात, "एक वस्तू द्या, मग जा."

सहा नंबरमधली सुनंदा साक्रीला परत निघाली तेव्हा तिने घाबरून नवी कोरी स्टीलची थाळी पुढे केली. नानांनी ती विंचवासारखी दूर सारली.

"नवीन नको. नवीन बाजारात मिळतं. तुमच्या हाताखाली झिजलेलं द्या."

"काका, जल्दी करो ने!" टेम्पोवाला हॉर्न दाबत ओरडला.

"तू गाडी बंद कर. डिझेल जळतंय," नाना म्हणाले.

शेवटी भांड्यांची दोन पोती खाली उतरवली. त्यातून पिठाची चाळणी निघाली, काठ मोडलेली. नानांचा चेहरा असा खुलला, की सुनंदाही रडता रडता हसली.

नाना आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहतात. मूळचे शिरपूरकडचे. इथे सिल्वासात कारखाने उभे राहत होते तेव्हा तरुणपणी आले आणि खडोलीला धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. धागा गुंडाळतात त्या शंकूवर, म्हणजे कोनावर, लेबल चिकटवायचं, हे त्यांचं काम. एका लॉटचा कोन दुसऱ्या लॉटमध्ये गेला तर पुढे कापडावर पट्टा उमटतो, म्हणून लेबलाला फार महत्त्व. नोकरी संपली, पण लेबल सुटलं नाही. त्यांच्या मिठाच्या डब्यावर लिहिलंय, "मीठ". शेजारच्या साखरेच्या डब्यावर लिहिलंय, "मीठ नव्हे".

चाळीच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिथे नानांचं संग्रहालय होतं. इथे पोटासाठी आलेली माणसं गावाहून काय काय घेऊन आली, ते सगळं त्यात. पत्र्याच्या ट्रंका, कंदील, लाटणी, गोधड्या, एक पितळी अडकित्ता, एकच घुंगरू. प्रत्येक तालुक्याची फळी वेगळी. एकदा माझ्या नवऱ्याने नंदुरबारचा कंदील हातात घेऊन पाहिला आणि चुकून शहाद्याच्या फळीवर ठेवला. नाना त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्ही लॉट मिसळला."

प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याचं एक कार्ड. त्यावर आखलेले सहा रकाने. वस्तू काय, कोणाची, कुठून आली, कधी आली, कशासाठी वापरली आणि हकिकत. खोटं लिहायचं नाही, हा नानांचा नियम. एका लाटण्याच्या कार्डावर लिहिलं होतं, "पोळ्यांसाठी. एकदा नवऱ्यासाठी. लागलं नाही." एका छत्रीच्या कार्डावर, "उघडत नाही. मालक म्हणतो पूर्वी उघडायची. पुरावा नाही."

आम्ही राहायला आलो त्याच दिवशी नाना दारात आले. मला वाटलं, पाणी कधी येतं ते सांगायला आले असतील. त्यांनी विचारलं, "सूनबाई, जाताना काय देणार?" मला बाहेरच्या माणसांशी चटकन बोलता येत नाही. मी नुसतीच बघत राहिले. त्यांनीच खोलीत नजर फिरवली आणि माझं खापर पसंत केलं. खापर म्हणजे मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालून त्यावर पुरणाचे मांडे भाजतात. माझ्या आईने ते मला दिलं होतं. नानांनी त्याच संध्याकाळी फळीवर त्याची जागा राखून ठेवली आणि कार्ड लावलं, "खापर. येणार आहे." सात वर्षं झाली, ते अजून माझ्या चुलीवरच आहे. नाना दर सणाला मांडे खातात आणि खापराला तडा गेला का ते बघून जातात.

त्यांना बायकामुलं का नाहीत, हे चाळीतल्या बायकांनी एकदा धीर करून विचारलं होतं. नाना म्हणाले, "तो रकाना रिकामा आहे." आणि पाण्याची बादली उचलून गेले.

रविवारी दुपारी नाना पाण्याच्या टाकीजवळ उभे राहायचे. तिथे फोन चांगला लागतो. गेलेल्या लोकांना एकेक करून फोन करायचे, तेही असे मोठ्याने, की साक्रीला फोनशिवायच ऐकू जावं.

"सुनंदे, कार्डावर तुझा एक रकाना राहिलाय! चाळणी आईने दिली का सासूने?... आईने? बरं बरं, नोंद करतो. पोरगी शाळेत जाते का? पाय दुखतो का अजून?"

मी तिथेच कपडे वाळत घालत असायची. चाळणी आईने दिली, हे मी निदान चार रविवार ऐकलं. नाना दर वेळी म्हणायचे, नोंद करतो. हातात पेन कधी नसायचं.

या पावसाळ्याच्या आधी मालकांनी सांगितलं, महिनाअखेरीला पत्र्याची खोली रिकामी पाहिजे, तिथे माल ठेवायचाय. दुसऱ्या दिवसापासून भंगारवाला गल्लीत दोन दोन फेऱ्या मारू लागला. ट्रंकांकडे बघून विचारायचा, "काका, ये लोहा देना है क्या?" नाना म्हणायचे, "हे लोखंड नाही, साक्री तालुका आहे." पण आवाजात जोर नव्हता.

त्यांनी एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर तिथल्या एक मॅडम स्वतःच आल्या. नाशिककडच्या होत्या, खळखळून हसणाऱ्या. मी दाराआडून बघत होते. कार्डं वाचता वाचता त्यांनी डोळे पुसले, हसून हसून. मग पहिल्या कार्डापासून पुन्हा वाचायला लागल्या.

"नाना, आमच्याकडे इथल्या जुन्या गावांच्या वस्तू आहेत. मासे पकडायच्या टोपल्या आहेत, वाद्यं आहेत. पण कारखान्यांसाठी आलेल्या माणसांचं काहीच नाही. आम्ही हे सगळं घेतो. फोटो काढू, तुमची कार्डंही तशीच ठेवू. कुणालाही गावात बसून फोनवर बघता येईल."

नाना खुर्ची पुसायला लागले. मॅडम त्याच खुर्चीत बसल्या होत्या.

"फक्त एक अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक कार्डावर एक रकाना कोरा आहे. अपुरी नोंद रजिस्टरला घेता येत नाही. शुक्रवारपर्यंत भरून द्याल?"

मला आश्चर्य वाटलं. खोलीभर कार्डं, आणि खरंच, प्रत्येकावर एकेक रकाना मोकळा. कुणाचं गाव नाही, कुणाची हकिकत नाही. अर्धवट लेबल पाहून जेवण न जाणारा हा माणूस!

"लोक सांगत नाहीत," नाना खाली बघत म्हणाले.

ते खोटं होतं. नानांना मी पहिल्यांदाच खोटं बोलताना ऐकलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. नाना पेन घेऊन खोलीत बसलेले दिसायचे, पण पेनाचं टोपण निघायचं नाही. बुधवारी भंगारवाला काटा घेऊनच आला आणि दारात टेकला. मला राहवलं नाही. चहा घेऊन गेले आणि त्याला म्हटलं, "भैया, यहाँ कुछ नहीं मिलेगा." माझा आवाज ऐकून त्याच्यापेक्षा मीच दचकले.

तो गेल्यावर मी जमिनीवर बसले. "नाना, आणा इकडे. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं आहे. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"तुला कशाला त्रास?"

"सुनंदाची चाळणी. कुणी दिली?"

"आईने."

"कंदील कधी आणला?"

"पोराच्या बारशाच्या वर्षी."

"आणि अडकित्ता?"

"सासऱ्याचा. भांडून आणला."

एकाही उत्तराला त्यांना आठवावं लागलं नाही. तीसेक कार्डं झाल्यावर मी पेन खाली ठेवलं.

"नाना, सगळं तर पाठ आहे. मग इतकी वर्षं लिहिलं का नाही?"

त्यांनी चहाचा कप हातात फिरवला.

"रकाना भरला, की नोंद पुरी झाली," ते म्हणाले. "मग मी कुठल्या कारणाने फोन करणार? कोण लागतो मी त्यांचा?"

मी पुढचं कार्ड ओढलं आणि विचारलं, "गोधडी कुणी शिवली?" संध्याकाळपर्यंत सगळे रकाने भरले. शेवटच्या काही कार्डांना नाना फार हळू सांगत होते.

शुक्रवारी गाडी आली. एकेक फळी वेगळ्या खोक्यात गेली, लॉट न मिसळता. मॅडमनी नानांना गाडीत पुढे बसवून संग्रहालय दाखवायला नेलं. परत आले तेव्हा खूश होते. काचेच्या कपाटाला किती फळ्या आहेत, ते त्यांनी मला तीनदा सांगितलं.

रविवारी दुपारी मात्र ते टाकीजवळ आले नाहीत. रिकाम्या खोलीच्या पायरीवर बसले होते, फोन मांडीवर.

"नाना, सुनंदाला फोन लावा."

"काय विचारू? सगळं भरलं ना आपण."

"काही विचारू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी नंबर दाबला, आणि या खेपेला त्यांचा आवाज इतका लहान होता, की मला वाळत घालायचे कपडे बादलीतच ठेवून जवळ जावं लागलं.

"सुनंदे... मी नाना. नाही, रकाना नाही राहिला. कामाचं काही नाही. असाच केला." मग एकदम गावाकडच्या अहिराणीत, "कशी शेस तू?"

पलीकडून काहीतरी लांबलचक सुरू झालं. मध्ये लहान मुलीचा आवाज आला, मग कुणा म्हातारीचा, मग पुन्हा सुनंदाचा. मी उरलेले कपडे वाळत घातले, घरात जाऊन चहा ठेवला आणि कप आणून पायरीवर ठेवला. नानांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. चहावर साय धरली, तरी ते डोळे मिटून ऐकतच होते.